मधल्या भिंतीचा झरोका

माझ्या सासरच्या माणसांइतकी मवाळ माणसं मी दुसरी पाहिली नाहीत, आणि त्या मवाळपणाचा आला तेवढा राग मला आयुष्यात दुसऱ्या कशाचाही आला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कुणी दचकायला नको.

मी तिसगावची. लग्न होऊन नगरला आले ती तेलीखुंटामागच्या एका बोळीत. बोळ इतकी अरुंद, की समोरून सायकल आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली जुनी घरं. खाली घडीव दगड, त्याच्या वर कच्च्या विटांच्या हातभर जाड भिंती, त्यांवर सागवानी तुळया आणि सगळ्यात वर मातीचं धाबं. कुणी म्हणे दगड निजामशाहीतला आहे, कुणी म्हणे घरं पेशवाईत उठली. मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. वरून आमटीत माती पडते, एवढंच मला दिसायचं. माहेरी आमचंही घर धाब्याचंच होतं, पण तिथं माती पडायला लागली तर ताट उचलून अंगणात जाता यायचं. इथं अंगण म्हणजे घराच्या मधोमध एक चौक आणि वर तेवढंच आभाळ.

घरात माणसं चारच. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. कापडबाजाराच्या कडेला त्यांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं लहानसं दुकान होतं. सासूबाईंना आत्याबाई. माझे मालक एस.टी.त कारकून. आणि चौथी मी, नवी सून, डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. मामंजींशी थेट बोलायची पद्धत नव्हती. काही सांगायचं झालं तर आत्याबाईंना सांगायचं, त्या पुढं पोचवायच्या, तेही त्यांना पोचवावंसं वाटलं तर.

आमचं घर आणि डावीकडचं शेजाऱ्यांचं घर यांच्यात एकच भिंत होती. सामाईक. इकडच्या तुळयांची टोकं इकडून रुतलेली, तिकडच्या तुळयांची तिकडून. त्या भिंतीत, आमच्या स्वयंपाकघरात, खांद्याइतक्या उंचीवर एक झरोका होता. दगडी चौकटीचा, भाकरीची परात आडवी जाईल एवढा. त्याला आमच्या बाजूनं एक लहान दार आणि शेजाऱ्यांच्या बाजूनं एक लहान दार, दोन्हींना आपापल्या बाजूनं कडी. या झरोक्यातून विरजण जायचं, कोथिंबीर यायची, कधी चुलीसाठी निखारा, कधी नैवेद्याची वाटी. पण त्याचाही शिरस्ता होता. आपलं दार उघडायचं, आत हात घालून पलीकडच्या दारावर वाटी वाजवायची आणि थांबायचं. पलीकडचं दार कधी ढकलायचं नाही. पलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज यायचा, "आले गं," मग कडी वाजायची आणि दार उघडायचं. वाटी परत येताना रिकामी यायची नाही. निदान चिमूटभर साखर तरी.

हे झालं बायकांचं. पुरुषांचा शिरस्ता याहून कडक. मामंजींच्या आजोबांनी आणि शेजाऱ्यांच्या आजोबांनी म्हणे ठरवून ठेवलं होतं, की भिंत दोघांची, पण ज्याची बाजू त्यानं बघायची आणि दुसऱ्याच्या बाजूला हात लावायचा नाही. हा शब्द पुढच्यांनी इतका जिवापाड पाळला, की आपल्याच बाजूला खुंटी ठोकायची झाली तरी मामंजी टोपी घालून, बोळीतून फेरा घेऊन शेजाऱ्यांच्या दारात जायचे. "खुंटी ठोकतोय, आवाज होईल, चालेल ना?" शेजाऱ्यांचा थोरला मुलगा म्हणायचा, "काका, विचारायचं काय त्यात!" आणि पुढच्या महिन्यात तोच थोरला टोपी घालून आमच्या दारात यायचा, कॅलेंडरसाठी खिळा ठोकू का म्हणून. मी चुलीपुढं बसून पदरात तोंड घालून हसायची. आमच्या तिसगावात शेजाऱ्याची भिंत म्हणजे आपल्या म्हशीची अंग घासायची जागा.

बहात्तरच्या उन्हाळ्यात शेजारी पुण्याला गेले. थोरल्याला तिकडं नोकरी लागली होती, धाकटा आधीच गेला होता, एवढं मोठं घर सांभाळणार कोण. काकूंना जायचं नव्हतं. निघायच्या दिवशी त्यांनी झरोक्यावर वाटी वाजवली. आत्याबाईंनी दार उघडलं, दोघींनी झरोक्यातूनच एकमेकींचे हात धरले आणि रडल्या. दहा पावलांवर दार होतं, समोरासमोर येऊन रडता आलं असतं. पण नाही. इतकी वर्षं सुखदुःखाचं जे बोलणं झालं ते तिथूनच झालेलं. मग काकूंनी त्यांच्या बाजूचं दार लावून घेतलं, कडी घातल्याचा आवाज आला, आणि आत्याबाईंनीही आपली कडी घातली.

त्यानंतर मी माहेरी गेले. परत आले तेव्हा टांगा बोळीच्या तोंडाशी सोडला, पेटी उचलली आणि चालायला लागले. थोडं आत आले आणि थबकले. बोळीत ऊन होतं. ज्या बोळीत भर दुपारी सुईत दोरा ओवता यायचा नाही, तिथं डोळे दिपवणारं ऊन पडलं होतं. आपण चुकून दुसऱ्याच बोळीत शिरलो असं वाटून मी मागं फिरले, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची पाटी वाचली आणि पुन्हा आत आले. बोळ आमचीच होती. शेजारचं घर नव्हतं.

घर पडायला आलेलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. ते घर धडधाकट होतं. त्याचा नक्षीचा दरवाजा, तुळया, खांब, कमानी, सगळं एका ठेकेदारानं विकत घेतलं होतं. लाकूड मुंबईला गेलं, तिकडं म्हणे जुन्या खांबांचे दिवे आणि टेबलं करतात. दगड कुणाच्या तरी बंगल्याच्या पायात गेला. आणि माती नेण्यासाठी जवळच्या खेड्यांतून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर आले होते. पिढ्यान् पिढ्या माणसं राहिलेल्या जागेची पांढरी माती शेताला खतासारखी असते, हे मी शेतकऱ्याची लेक असल्यामुळं मला ठाऊक होतं. तरीही काकूंच्या माजघराची माती फावड्यानं ट्रॉलीत पडताना मला बघवेना. त्या जमिनीवर बसून मी त्यांच्या मंगळागौरीला जेवले होते.

पण खरा धक्का बसला तो मान वर केल्यावर. ते घर संपूर्ण गेलं नव्हतं. त्याची एक बाजू आमच्या भिंतीला चिकटून राहिली होती. खालच्या मजल्याचा निळा रंग. चुलीच्या जागी वर चढत गेलेला काळा धूर. जिना नव्हता, पण जिन्याची तिरकी खूण होती. वरच्या मजल्यावर एक खुंटी आणि तिच्यावर कुणाचा तरी विसरलेला सदरा. आणि मधोमध देवाचा कोनाडा, तेलानं काळा झालेला, आत कुंकवाचे डाग. जे आत्तापर्यंत घरच्या माणसांनीच पाहिलं होतं ते आता येणारा जाणारा पाहत होता. झरोक्याचं त्यांच्याकडचं दार तसंच कडी लावून बंद होतं, आणि त्याच्यापुढं स्वयंपाकघर नव्हतं, नुसती मोकळी जागा. मला त्या भिंतीकडं बघायची लाज वाटली. घाईनं घरात शिरले तर आत्याबाई चहा गाळत होत्या, काही झालंच नाही अशा.

आता ही भिंत मुळात आतली. तिला ना चुन्याचा गिलावा, ना वर पागोळी. मातीच्या कच्च्या विटा, त्यांवर शेणामातीचा लेप आणि रंग. तिला पाणी माहीत नव्हतं. पावसाळा तोंडावर होता. माझ्या मालकांनी जेवताना विषय काढला, की पलीकडून गिलावा करून घेऊ.

मामंजी म्हणाले, "ती बाजू त्यांची आहे."

"पण ते तर पुण्यात आहेत."

"पुण्यात असले म्हणून बाजू बदलते का? आणि देवाचा कोनाडा आहे तिकडं. दुसऱ्याच्या देवाच्या जागेवर आपण चुना फासायचा?"

"मग त्यांना विचारू."

मामंजींनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "कसं विचारायचं? विचारलं तर त्यांना वाटेल, घर पाडलं म्हणून आपण दोष देतोय. गेलेल्या माणसाला टोचू नये. त्यांच्या लक्षात येईल, ते स्वतःच बघतील."

विषय संपला. मी ताक वाढत होते, माझ्या हातातलं पातेलं जरा जोरात आपटलं गेलं. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. बोलता आलं नाही की भांडी आपटायची, एवढंच सुनेच्या हातात होतं, आणि आमच्या घरात भांड्यांना तोटा नव्हता.

त्या वर्षी पाऊसच झाला नाही. सगळ्या मुलखाला माहीत आहे तो दुष्काळ. रेशनवर लाल मिलो ज्वारी, नळाला करंगळीएवढी धार, आणि रस्त्यांच्या कडेला खडी फोडणारी माणसं, त्यांत आमच्या तिसगावच्या ओळखीच्या बायका. सगळे आभाळाकडं डोळे लावून बसले होते, आणि मी एकटी अशी करंटी, की ढग आले की मी ते पांगावेत म्हणून देवाला हात जोडायची. पाऊस आला नाही आणि भिंत राहिली. मामंजी म्हणाले, "बघा, काही झालं नाही." दुष्काळानं आमच्या भिंतीला वर्षभर सांभाळलं आणि आम्हाला वाटलं, भिंतच मजबूत आहे.

त्या हिवाळ्यात आबा, माझे वडील, मला बाळंतपणाला न्यायला आले. आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या नाहीत, तसेच मोकळ्या जागेत गेले आणि भिंतीला नख लावून पाहिलं. मग आत येऊन मामंजींना म्हणाले, "सोयरे, राग मानू नगा. पर ही भित लिपून घ्या. कच्ची ईट उघडी पडलीय. तिला पानी सोसायचं न्हाई."

मामंजी हसले. "बघू की, पाहुणे. शेजाऱ्यांची बाजू आहे. ते करतील."

"शेजारी कुठं हायती?"

"येतील ना कधीतरी."

आबांनी पुढं काही म्हटलं नाही. मुलीच्या सासरी जास्त बोलायचं नसतं. पण एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघताना मला म्हणाले, "तुजा सासरा देवमानूस हाय. पर भितीला त्ये कळत न्हाई." आणि मग, "आनि ध्यानात ठिव. मातीची भित पावसात न्हाई पडत. पाऊस थांबून ऊन आलं की पडती."

मुलगा झाला. तीन महिन्यांचा करून त्याला घेऊन मी नगरला परत आले. आत्याबाईंनी माजघरातल्या तुळईला पाळणा टांगून ठेवला होता. मालक जन्मले तेव्हा त्यांना ज्यात घातलं होतं तोच, पितळी कड्यांचा. मी पाळण्याकडं पाहिलं, मग पाळण्याच्या दोऱ्या धरत धरत माझी नजर तुळईवर गेली आणि तुळईच्या टोकापर्यंत गेली. ते टोक त्याच भिंतीत होतं.

त्या दिवसापासून माझा दिवस त्या टोकाभोवती फिरायला लागला. पाळणा उजवीकडच्या खोलीत टांगू या म्हटलं, तर तिथल्या कड्या काढलेल्या. खाली झोळी बांधू म्हटलं, तर मुंग्या. मालकांना रात्रंदिवस टोचत होते. ते म्हणायचे, "बाबांना दुखवून कसं चालेल?" आत्याबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मलाही कळतंय गं. पण पुरुषांचं आहे ते." म्हणजे भिंत कळत होती सगळ्यांना. बोळीतल्या पोरासोरांनाही कळत होती, ती तिच्यापाशी गोट्या खेळायची नाहीत. फक्त विचारायचं कुणी, हे कुणालाच कळत नव्हतं. मी स्वतः पुण्याला पत्र टाकावं असंही मनात आलं, पण आमच्याकडं त्यांचा पत्ताच नव्हता. पत्ता मागून घेणं म्हणजेसुद्धा आगाऊपणा झाला असता ना!

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. श्रावणात झड लागली. रात्रंदिवस बारीक पाऊस, कपडे वाळेनात, बाळाच्या लंगोट्या मी तव्यावर धरून वाळवायची. स्वयंपाकघरातल्या भिंतीला आमच्या बाजूनंही ओल आली. मी तिच्यावर तळहात ठेवला तर हात गार पडला. पण भिंत उभी होती. मामंजी येता जाता तिच्याकडं बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांनाही भीती वाटत असणार. भीती वाटते हे बोलून दाखवणं म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार करणं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग एका सकाळी पाऊस थांबला आणि लख्ख ऊन पडलं. मामंजी दुकानात गेले, मालक नोकरीवर. मी बाळाला न्हाऊ घातलं आणि इतक्या दिवसांनी ऊन दिसलं म्हणून त्याला आणि ओल्या गोधड्या घेऊन समोरच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसले. आबांचं बोलणं त्या वेळी माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कुणी मला हुशार म्हणू नये म्हणून सांगते. मी लंगोट्या वाळवायला गेले होते.

आत्याबाई आत भाकरी करत होत्या. मधेच त्यांचा आवाज आला, स्पष्ट, नेहमीसारखा. "आले गं."

मला वाटलं मला म्हणताहेत. मी म्हटलं, "काय हो आत्याबाई?" आणि तेवढ्यात ती सामाईक भिंत वरून पुढं कलली.

आवाज मला आठवत नाही. आठवतं ते हे, की त्यांच्या घराची ती निळी बाजू, तो कोनाडा, ती खुंटी, सगळं अखंड, जागचं न हलता, मोकळ्या जागेकडं वाकलं आणि मग नव्हतं. माती इतकी उडाली की ऊन गेलं. बाळाच्या तोंडावर पदर टाकून मी किंचाळत होते, "आत्याबाई! आत्याबाई!" माती खाली बसली तेव्हा आमचं घर एका बाजूनं उघडं होतं. आतलं सगळं दिसत होतं, आमच्या फडताळातले डबे, आमची मोरी, माझ्या लुगड्याची दांडीवरची घडी. वर्षापूर्वी शेजाऱ्यांचं जे पाहून मी मान खाली घातली होती, तेच आता आमचं झालं होतं.

आणि आत्याबाई उभ्या होत्या. भिंतीचा खालचा दगडी भाग तेवढा शिल्लक राहिला होता, खांद्याइतका, झरोक्याच्या चौकटीसकट. वरच्या तुळयांची टोकं भिंतीतून सुटून त्या दगडावर येऊन टेकली होती आणि त्या तिरक्या तुळयांच्या खाली, आमच्या बाजूचं लहान दार उघडून, एक हात झरोक्यात घालून, आत्याबाई उभ्या होत्या. पांढऱ्या मातीनं नखशिखान्त माखलेल्या. त्यांचे डोळे तेवढे दिसत होते. पलीकडच्या लहान दाराची कडी तुटली होती आणि झरोक्यातून त्या थेट माझ्याकडं बघत होत्या.

बोळीतल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. दंडाचं हाड मोडलं होतं, बाकी खरचटलं. त्यांना बाहेर आणलं आणि पुढची तुळई कुरकुरत खाली आली. तीच, पाळण्याची. पाळणा जमिनीवर आपटला आणि त्याच्यावर धाब्याची माती कोसळली. लोक म्हणत होते, देवानं राखलं. माझे दात वाजत होते, भर उन्हात, आणि ते थांबेनात.

आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "कुणीतरी वाटी वाजवली गं." भिंत सुटायला लागली तेव्हा आतून खडे त्या लहान दारावर पडत असणार, दुसरं काय. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण मी पाहिलं, त्यांना ते पटलं नव्हतं, आणि मरेपर्यंत पटलं नाही.

बातमी कशी कोण जाणे पुण्याला पोचली. शेजाऱ्यांचा थोरला लगोलग आला. आम्ही तेव्हा समोरच्यांच्या ओसरीवर राहत होतो, पडलेल्या घरातून चेपलेली भांडी काढून रचत होतो. थोरला ढिगाऱ्यापुढं उभा राहिला आणि त्याचा चेहरा पडला. मामंजी उठले. त्यांनी धुळीत पडलेली टोपी झटकून डोक्यावर घातली, त्याच्यापुढं गेले आणि हात जोडले.

"माफ करा," मामंजी म्हणाले. "तुमचा देवाचा कोनाडा गेला. तुमची भिंत आम्हाला सांभाळता आली नाही."

थोरला त्यांच्याकडं बघतच राहिला. "आमची? काका, ती तर तुमची भिंत. तुमच्या तुळया होत्या तिच्यात. म्हणून तर घर पाडताना मी ठेकेदाराला तिची एक वीटही हलवू दिली नाही." मग म्हणाला, "तो पलीकडून सिमेंटचा गिलावा करून देणार होता. बोलणीच झाली होती तशी. मीच नको म्हटलं. म्हटलं, काकांच्या भिंतीला त्यांना न विचारता हात लावायचा नाही."

"मग विचारलं का नाही?" मामंजी म्हणाले.

"मनात होतं. पण घर पाडून वर तुमच्या भिंतीची उस्तवार करायला आलो, तर तुम्हाला वाटलं असतं, उपकार दाखवतोय. म्हटलं, काका करून घेतील. तुम्ही का नाही विचारलंत?"

मामंजी तिथंच एका दगडावर बसले. दोघांनाही अजून, एवढं सगळं होऊन, एकमेकांना वाईट वाटू नये याचीच काळजी पडली होती. ते पाहिलं आणि माझं कुलूप तुटलं. बाळ कडेवर, डोक्यावरचा पदर कुठं गेला होता कोण जाणे. मी मामंजींच्या समोर जाऊन उभी राहिले आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले.

"त्या भिंतीत झरोका होता! वाटी वाजवली की पलीकडचं माणूस उठून यायचं. सगळ्या बोळीत आपल्याच भिंतीला विचारायची सोय होती आणि तुम्ही दोघं विचारता येत नाही म्हणून बसलात. माझं पोर त्या तुळईखाली होतं!"

मला वाटलं, आता मामंजी उठतील आणि मला माहेरी पाठवतील. ते उठले नाहीत. गळ्यात बांधलेला हात सांभाळत आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, "तो बायकांचा झरोका होता गं. त्यातून विरजण जायचं. असलं विचारायला तो कुणी वापरला नाही." आणि थोड्या वेळानं, "आम्हाला तरी कुठं सुचलं?"

थोरला रडायला लागला. मामंजींनीच त्याची पाठ थोपटली.

आमचं घर पडल्यावर उजवीकडच्यांच्या घराचा आधार गेला. त्यांनी धसका घेऊन तेही उतरवलं. मग त्यांच्या पलीकडचं. एका भिंतीवर दुसरं घर, दुसऱ्यावर तिसरं, अशी ती बोळ उभी होती हे आम्हाला ती उसवायला लागल्यावर कळलं. ठेकेदार तोच, ट्रॅक्टर तेच. काही वर्षांनी मी तिथून गेले तर बोळ कुठं सुरू होते तेच सापडेना.

आम्ही सावेडीच्या माळावर दोन खोल्यांचं सिमेंटचं घर बांधलं. चारही भिंती आपल्या, शेजाऱ्याच्या आणि आपल्या भिंतीमध्ये माणूस चालेल एवढी जागा. तिथं गेल्यावर मामंजींनी एक सवय लावून घेतली. शेजारी काही करायला लागला की ते लगेच कुंपणाशी. "पन्हाळीचं पाणी कुठं सोडणार? झाडाची मुळं इकडं येणार नाहीत ना? विहीर घेणार का? आत्ताच सांगा, नंतर नको." आमच्याकडं काही काम निघालं तरी भल्या पहाटे जाऊन शेजाऱ्याचं दार वाजवायचे आणि त्याच्याकडून स्पष्ट उत्तर घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. माणसं वैतागायची. कॉलनीतली मुलं त्यांना येताना पाहून पळायची. मी मधे पडून शेजारणींची समजूत घालायची, पण त्यांना काय सांगणार?

ते गेले त्या दिवशी अंगणात लोक जमले होते. मी आतून पाणी आणत होते तेव्हा शेजारचे एक गृहस्थ दुसऱ्याला हळूच म्हणाले, "माणूस वाईट नव्हता, पण फार भांडकुदळ." आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि कुणीच काही बोललो नाही.